विश्लेषण : ‘तेव्हाच विकला असता तर...’ टीव्हीवरचा कालप्रवास आपल्याला इतकी भुरळ का घालतो?

‘डॉक्टर हू’पासून ‘डोरेमॉन’पर्यंत आणि ‘इंद्रधनुष’पासून ‘डार्क’पर्यंत, टीव्हीवर कालप्रवासाची गोष्ट कधी शिळी होत नाही. असे यंत्र कोणाकडेच नाही हे माहीत असूनही आपण ती पुन्हा पुन्हा का पाहतो? याचे उत्तर शोधायला प्रयोगशाळेआधी घरात साठवलेल्या कापसाकडे पाहावे लागते.

मध्यंतरी जामनेरला एका मित्राच्या घरी गेलो होतो. ओट्यावर त्याचे वडील बसले होते. शेजारी दुसरीतला नातू मोबाइलवर ‘डोरेमॉन’ पाहत होता. नोबिता टेबलाचा खण उघडतो आणि आतल्या टाइम मशीनवर उडी मारतो, ते दृश्य आले तसा पोरगा ओरडला, ‘‘आबा, हे पाहा, खणातून मागच्या काळात जाता येतं!’’ आबांनी चष्मा सारखा केला, क्षणभर स्क्रीनकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘मंग त्याले सांग ना भो, मले बावीसच्या दिवाळीत नेऊन सोड.’’

सगळे हसले. आबा मात्र फारसे हसले नाहीत.

आबांना 2022 च्या दिवाळीतच का जायचे आहे?

खान्देशातल्या कापूस उत्पादकाला हे सांगावे लागणार नाही. 2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. पुढच्या हंगामात सुरुवातीला नऊ हजारांच्या आसपास भाव मिळत होता. पण आदल्या वर्षीचा आकडा डोक्यात बसलेला. ‘थांबा, वाढेल’ असे म्हणत हजारो शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव वाढले नाहीत. उन्हाळ्यापर्यंत ते सात हजारांकडे घसरले. तोवर घरात निजायला जागा नव्हती आणि कापसातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटली होती.

आबांना डायनोसॉर पाहायचे नाहीत. त्यांना आपल्याच घरातल्या एका सकाळी परत जायचे आहे, ज्या सकाळी व्यापारी दारात उभा होता आणि त्यांनी ‘नंतर पाहू’ म्हटले होते. कालप्रवासाच्या गोष्टींचे मर्म हेच आहे. यंत्र हे निमित्त असते. आपण पाहतो ती हळहळ.

ही गोष्ट टीव्हीवर आली कशी?

एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी 1895 ची. तिच्यामुळे काळात फिरणाऱ्या ‘यंत्रा’ची कल्पना घराघरांत पोहोचली. टीव्हीवर ती पक्की बसली 23 नोव्हेंबर 1963 रोजी. त्या संध्याकाळी बीबीसीवर ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग दाखवला गेला. पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन हे लखनऊमध्ये जन्मलेले तरुण दिग्दर्शक होते. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. जग त्या बातमीत बुडाले होते, म्हणून पुढच्या आठवड्यात पहिला भाग पुन्हा दाखवून मग दुसरा दाखवला गेला. कालप्रवासाच्या मालिकेलाच अशी दुसरी संधी मिळाली.

मालिकेचा मूळ हेतू मुलांना इतिहास आणि विज्ञान रंजक करून सांगणे हा होता. खर्च बेताचा. म्हणून यंत्राला रूप दिले ते लंडनच्या रस्त्यावरच्या निळ्या पोलीस खोक्याचे. बाहेरून कपाटाएवढे, आत मोठा दिवाणखाना. एकच खोके दर वेळी नव्या काळात उघडायचे. निर्मात्यांना याहून सोयीचे काय असणार?

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ आली. 1989 मध्ये आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ आली. मुलांच्या हाती आलेला संगणक आणि त्यातून घडणारा काळाचा प्रवास, असा तिचा विषय. पुढे दिग्दर्शक झालेला करण जोहर त्यात बालकलाकार होता. त्याच सुमारास रविवारी सकाळी बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ लागायचे. त्याचा निवेदक कोण होता? साक्षात काळ! म्हणजे काळाचा आवाज आपण विज्ञानकथेआधी पौराणिक मालिकेत ऐकला होता.

सिनेमापेक्षा टीव्हीवर ही गोष्ट जास्त का रंगते?

सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. त्यात भूतकाळात गेलेला नायक एकदाच काय ते दुरुस्त करून परततो. मालिका दर आठवड्याला परत येते. ‘पुन्हा एकदा’ हा तिचा स्वभावच असतो. कालप्रवासाला असा पसारा मानवतो, कारण हळहळही एकदा येऊन जात नाही. ती दर दिवाळीला येते.

दुसरे कारण म्हणजे मालिका पाहताना आपलेही वय वाढते. जर्मन मालिका ‘डार्क’ 2017 ते 2020 या काळात तीन पर्वांत आली. एका छोट्या गावातल्या चार कुटुंबांची ही गोष्ट 33-33 वर्षांच्या अंतराने मागे-पुढे जाते. तेच पात्र कधी शाळकरी, कधी चाळिशीचे, कधी म्हातारे दिसते. गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक आणि प्रत्येक घरात एक न सांगितलेली गोष्ट. हे आपल्या तालुक्याच्या गावाला अनोळखी आहे का?

तिसरे कारण साधे आहे. टीव्ही घरात असतो. पडद्यावरचा माणूस आपल्या घरात परत जाऊ पाहतो, तेव्हा आपणही आपल्याच घरात बसलेले असतो. समोरच्या भिंतीवर कोणाचा तरी हार घातलेला फोटो असतो.

डोरेमॉन नेमका कशासाठी आला?

भारतात 2005 पासून हिंदीतून दिसणाऱ्या या निळ्या मांजराला मोठी माणसे पोरखेळ समजतात. पण त्याची मूळ कथा ऐकण्यासारखी आहे. जपानी चित्रकथेच्या पहिल्याच प्रकरणात बाविसाव्या शतकातून नोबिताचा खापरपणतू येतो आणि सांगतो, ‘तू मोठेपणी धंदा काढलास, तो बुडाला आणि तुझे कर्ज आम्ही अजून फेडतो आहोत.’ त्या कर्जामुळे पुढच्या पिढीच्या मुलाला सणाला नीट खाऊचे पैसेही मिळत नाहीत. म्हणून नोबिताला वळण लावायला डोरेमॉन पाठवला जातो.

म्हणजे मुलांची ही लाडकी मालिका मुळात खापरपणजोबाच्या कर्जाची कथा आहे. सातबाऱ्यावर बोजा घेऊन जन्मणाऱ्या मुलांच्या प्रदेशात ही गोष्ट परकी कशी वाटेल?

नोबिता खापरपणतूला चाणाक्ष प्रश्न विचारतो : माझे आयुष्य बदलले, माझे लग्नही दुसरीशी झाले, तर तू जन्मशील का? उत्तर मिळते की ओसाकाला रेल्वेने जा, विमानाने जा, दिशा बरोबर असली की पोहोचतोच. आपल्या भाषेत, जामनेरहून जळगावला नेरीवरून जा की भुसावळवरून, जळगाव येणारच. शास्त्राच्या कसोटीवर हे उत्तर टिकणार नाही. पण मुलांना ते पटते, कारण त्यात धीर आहे.

याच मालिकेतली आणखी एक कथा प्रसिद्ध आहे. नोबिता मागे जातो तो काहीही बदलायला नाही, तर वारलेल्या आजीला फक्त एकदा पाहायला. कालप्रवासाची ही दुसरी ओढ आहे. चूक सुधारणे ही पहिली. गेलेले माणूस डोळे भरून पाहणे ही दुसरी. माझ्या मते दुसरी अधिक खोल आहे.

ही कल्पना आपल्याला बाहेरून मिळाली का?

यंत्र बाहेरून आले, कल्पना नाही. पुराणात रैवत ककुद्मी राजाची कथा आहे. मुलगी रेवतीसाठी योग्य वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गायन चालू असते, म्हणून जरा वेळ थांबतो. परत निघताना ब्रह्मदेव सांगतात की पृथ्वीवर 27 चतुर्युगे उलटली, तुझ्या मनातले सगळे वर कधीच काळाआड गेले. मग रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. तिथला थोडा वेळ म्हणजे इथली युगे, ही कल्पना विज्ञानकथेच्या कितीतरी आधी आपल्या कीर्तनांतून सांगितली जात होती.

त्याहून जवळची गोष्ट आपल्या जळगाव जिल्ह्यातली. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ स्थापला. याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ ग्रंथाभोवती एक दंतकथा आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 मध्ये या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले, तिथून ती पसरली.

दंतकथा अशी : मुलीच्या विवाहाचा एकच शुभ क्षण होता. तो साधण्यासाठी वडिलांनी पाण्यावर घटिकापात्र तरंगत ठेवले. तळाच्या बारीक भोकातून पाणी आत येऊन ते बुडाले की मुहूर्त. लीलावती कुतूहलाने वाकून पाहू लागली आणि तिच्या वस्त्रातला एक मोती पात्रात पडला. भोक बुजले, पात्र बुडालेच नाही, मुहूर्त निघून गेला. मग वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला.

ही इतिहासाची साक्ष नव्हे. पण एक मोती अडकल्याने हुकलेला क्षण शेकडो वर्षे लोकांच्या मनात का राहिला? ‘तेव्हा ती वाकली नसती तर’ हा प्रश्न ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतो म्हणून. आबांचा कापूस आणि लीलावतीचा मोती यांत फार अंतर नाही.

मराठीत हे कोणी लिहिले?

पहिले नाव अर्थातच डॉ. जयंत नारळीकर यांचे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि तिला बक्षीस मिळाले. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. मे 2025 मध्ये ते गेले. पण त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आजही अनेकांना आठवते. तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही आहे.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अचानक अशा जगात पोहोचतात, जिथे मराठे 1761 चे पानिपत जिंकले आहेत. फरक किती? विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात चाटून जाते, एवढाच. एका गोळीच्या नेमाने हिंदुस्थानचा इतिहास फिरतो. पण नारळीकर इथे थांबत नाहीत. त्या विजयी जगातही मुंबई इंग्रजांकडेच राहिलेली असते. शिवाय गंगाधरपंत सभेत अध्यक्षपदाच्या खुर्चीवर बसून भाषण सुरू करतात, तर अध्यक्षीय भाषणांना विटलेले लोक त्यांना पिटाळून लावतात. इतिहास बदलला म्हणून सगळे आपल्या मनासारखे होत नाही, हे इतक्या मिस्कीलपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

टीव्हीवर मात्र मराठीने वेगळी वाट धरली. 2007 मध्ये सुरू झालेली झी मराठीवरची ‘असंभव’ लोकांनी श्वास रोखून पाहिली, पण तिचा विषय पुनर्जन्म होता. दोन्हींत भूतकाळ परत येतो, तरी फरक मोठा आहे. पुनर्जन्मात मागचे वैर स्वतःहून दार ठोठावते, माणसाला ते भोगावे लागते. कालप्रवासात माणूस स्वतः उठून जातो आणि काहीतरी करू पाहतो. आपल्या वाहिन्यांनी एकदा दुसरा प्रकारही मनापासून करून पाहावा. कथा आणि गावे इथे तयार आहेत.

विज्ञान काय सांगते?

पुढे जाणे शक्य आहे, मागे जाण्याचा मार्ग कोणाला सापडलेला नाही.

आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ हळू चालते. हे कल्पनेतले नाही, ते तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे वेगामुळे थोडी मागे पडतात, पण तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने त्याहून जास्त पुढे धावतात. एकंदर फरक दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद. ही दुरुस्ती केली नाही, तर नकाशावरची जागा एका दिवसात जवळपास 10 किलोमीटरने चुकू लागेल. जामनेरात उभे असाल आणि मोबाइल तुम्हाला भलत्याच गावाच्या शिवारात दाखवेल.

आपल्या पाचोरा-जामनेर ‘पीजे’ गाडीचेच उदाहरण घेऊ. शंभर वर्षे धावलेली ही 56 किलोमीटरची अरुंद मार्गावरची गाडी 2020 च्या टाळेबंदीत थांबली. तिचा वेग ताशी 25 किलोमीटर धरला, तर पाचोऱ्याहून जामनेरला उतरणारा प्रवासी फलाटावर वाट पाहणाऱ्यापेक्षा किंचित तरुण ठरायचा. किती? एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या साधारण दोन भागांनी! पण तत्त्व खरे आहे. पीजेचा प्रत्येक प्रवासी भविष्यात तेवढा पुढे उतरायचा.

मागे जाण्यात अडचण तर्काची आहे. मी मागे जाऊन आजोबांचे लग्नच मोडले, तर मी जन्मणार नाही. मग मागे गेला कोण? स्टीफन हॉकिंग यांनी यावर गमतीशीर प्रयोग केला. 28 जून 2009 रोजी त्यांनी केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रण मेजवानी संपल्यावर जाहीर केले. भविष्यातून कोणी येऊ शकत असेल, तर ते वाचून येईल. कोणीही आले नाही.

मग ही निव्वळ पळवाट आहे का?

असा आक्षेप नेहमी घेतला जातो. जे घडले ते घडले, पोरांना अशी स्वप्ने कशाला दाखवायची? या आक्षेपात थोडे तथ्य आहे. भूतकाळाचे वेड वाईटही असते. कोणता तरी सुवर्णकाळ होता आणि कोणी तरी तो हिरावला, एवढेच सांगणारी गोष्ट माणसाला आज काहीच करू देत नाही.

पण चांगली कालप्रवासाची कथा नेमकी उलट वागते. ‘स्टार ट्रेक’चा 1967 मधला एक गाजलेला भाग घ्या. कॅप्टन कर्क 1930 च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये जातो, तिथल्या एका भल्या बाईच्या प्रेमात पडतो. मग कळते की ती वाचली तर पुढचे जग उद्ध्वस्त होईल. तो तिला वाचवू शकत असतो आणि वाचवत नाही. भूतकाळ हाती आला तरी तो फुकट दुरुस्त होत नाही, किंमत मोजावी लागते, हे अशी कथा शिकवते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशी कथा पाहताना आपल्याला आजच्या दिवसाचे वजन कळते. नोबिताचा आळस हा त्याच्यासाठी साधा आजचा दिवस असतो. खापरपणतूसाठी तो इतिहास असतो, ज्याचे व्याज अजून चालू आहे. आपण विहीर किती खोल नेतो, वावरात काय फवारतो, मुलीचे शिक्षण कोणत्या इयत्तेत थांबवतो, लग्नासाठी किती कर्ज काढतो, हे सगळे कोणाच्या तरी भूतकाळात जमा होत असते. त्या कोणाकडेही आपल्याला अडवायला डोरेमॉन पाठवण्याची सोय नाही. म्हणून मुलांच्या हातातून मोबाइल हिसकावण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहावे आणि विचारावे : तुला मागे जाता आले, तर काय बदलशील? उत्तर ऐकून आपल्यालाच काही बदलावेसे वाटेल.

मी आबांना हाच प्रश्न विचारला. बावीसच्या दिवाळीत खरेच पोहोचलात, तर काय कराल?

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘अर्धा तरी विकला असता. पण खरं सांगू का भो, त्या दिवशी बी मले हेच वाटत होतं, का भाव वाढतीन. म्या तोच माणूस, त्याच ओट्यावर. पुन्हा थांबलो असतो.’’ थोड्या वेळाने पुढे म्हणाले, ‘‘यंदा ठरवलं. पहिल्या वेचणीचा अर्धा काटा झाला की विकाचा. मंग उरलेल्याचं पाहू.’’

नातू हिरमुसला. ‘‘म्हणजे टाइम मशीन नको?’’

‘‘राहू दे ना,’’ आबा म्हणाले. ‘‘तुह्या आजीले पाहाले जाऊ त्याच्यात.’’